बुलेट ३५०: बाजारातलं नवं हेड बसवण्याआधी त्यावर काय काय काम करावं?

शहापूरकर_३५० (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वडिलांची कास्ट आयर्न बुलेट आहे (बॅरल बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं), केए २२ म्हणजे बेळगाव पासिंग. जुन्या हेडला (इंजिनच्या वरच्या झाकणाला) एक्झॉस्ट सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती रिंग) आणि प्लगचं भोक यांच्या मधे तडा गेलाय. प्लगचे आटेही पूर्वीच इन्सर्ट घालून सावरलेले होते. अर्गन वेल्डिंग करून बघू असं एक जण म्हणाला, पण तडा थेट सीटच्या खाली शिरलाय, त्यामुळे त्या हेडवर आता पैसे घालावेत असं वाटत नाही.

नवं हेड आणलंय. कंपनीचं नाही, बाजारातलं. गाईड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) आणि सीट बसवूनच आलंय, व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगा वेगळ्या घेतल्या. बॅरल बोअर करून ठेवलाय, इंजिन घरीच जोडणार. हेड हातात घेऊन आत बोट फिरवलं तर पोर्ट (मिश्रण आणि धुराची वाट) खडबडीत लागतो आणि सीट संपते तिथे चांगलीच पायरी लागते. खालच्या फेसला मशीनच्या रेघा दिसतात.

माझ्याकडे व्हर्नियर, फिलर गेज, डाय ग्राइंडर आणि भरपूर वेळ आहे. गाडी शर्यतीला नाही. बेळगाव–चोर्ला–पणजी, कधी आंबोली, मागे बायको आणि सामान. व्हिडिओंत सगळे पोर्ट मोठा करून आरशासारखा पॉलिश करतात. तसं करावं का? आणि करायचंच तर कामाचा क्रम काय?

---

उद्यमबागेतला

ग्राइंडर आधी कपाटात ठेवा. हे मनापासून सांगतोय. मशिनशॉपमध्ये माझं आयुष्य गेलं, त्यात अशी हेडं पुष्कळ हाताखालून गेली. बाजारातलं हेड म्हणजे तयार पार्ट असं समजून चालू नका. त्याला चांगला कच्चा माल समजा. त्यातून हेड आपल्याला करून घ्यायचं असतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम मोजण्याचं आहे.

सुरुवात गाईडपासून. नवा व्हॉल्व्ह गाईडमध्ये घालून साधारण १० मिमी वर उचला आणि डायल गेज लावून हलवून बघा. दांडी आणि गाईडमधली फट इनलेटला साधारण ०.०३ ते ०.०५ मिमी, एक्झॉस्टला ०.०५ ते ०.०८ हवी. एक्झॉस्टची दांडी जास्त तापते, जास्त फुगते, म्हणून तिला जागा जास्त. बाजारातल्या हेडांत दोन्ही गाईड एकाच रीमरने (भोक मापाला आणायच्या हत्याराने) मारलेले असतात. मग एकतर इनलेट ढिला राहतो आणि तेल पितो, नाहीतर एक्झॉस्ट तापल्यावर अडकतो.

गाईड बदलायचा असेल तर हेड सगळीकडून सारखं तापवायचं, दीडशे अंशांच्या आसपास. गॅसची ज्योत एकाच ठिकाणी धरू नका, ॲल्युमिनियम वाकतं. पायरीचा ड्रिफ्ट घेऊन जुना काढायचा, नवा बसवायचा, गार झाल्यावर रीमर.

त्यानंतर सीट. हा क्रम कधीही उलटा करू नका. सीट कापायच्या कटरचा पायलट (मधली सरळ दांडी) गाईडमध्येच बसतो, म्हणजे गाईड जिथे सांगेल तिथे सीटचं केंद्र. गाईड नवा घातला की सीट पुन्हा कापावीच लागते.

तुमची सीट आत्ता केंद्रात आहे का, हे घरीच कळेल. व्हॉल्व्हच्या फेसला मार्किंगचा निळा रंग अगदी पातळ लावा, व्हॉल्व्ह सोडा, न फिरवता टॅप करा आणि उचला. सीटवर निळी रिंग पूर्ण उठली पाहिजे. अर्धीच उठली तर सीट एका बाजूला आहे. अशा सीटवर ग्राइंडिंग पेस्ट घेऊन कितीही वेळ घासलात तरी ती सरळ होत नाही. फक्त व्हॉल्व्हला खड्डा पडतो आणि सीट रुंद होते.

कापताना तीन कोन: मधली बसायची जागा ४५ अंश, वर ३०, खाली ६०. बसायची पट्टी इनलेटला १ ते १.२ मिमी, एक्झॉस्टला दीड मिमीच्या वर. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः त्या पट्टीतूनच हेडमध्ये जाते. पट्टी बारीक केली तर व्हॉल्व्ह जळणार.

एवढं झालं की पोर्टचं बोलू.

---

होनग्याचा_साचेवाला

मामांनी मशिनिंगचं सांगितलं, मी त्याच्या आधीचं सांगतो. मी फौंड्रीत काम करतो. आमच्याकडे मुख्यतः ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न ओततात, पण कोअरचं दुखणं सगळीकडे एकच.

पोर्टची पोकळी वाळूच्या कोअरने येते. साचा बंद करताना कोअर जरा जरी सरकला तर पोर्ट एका बाजूला जातो. बाहेरून कळत नाही. एका बाजूची भिंत जाड आणि दुसरीकडची पातळ होते. पोर्टच्या तोंडाशी व्हर्नियरने चारी बाजूंची जाडी मोजा. आत बाकदार कॅलिपर किंवा वाकवलेली तार घालून अंदाज घ्या. जिकडे भिंत पातळ आहे तिकडे ग्राइंडर फिरवायचाच नाही. इनलेट पोर्टच्या वरच्या अंगाला रॉकरची पोकळी जवळ असते, तिथे भोक पडलं तर हेड गेलं.

दुसरी गोष्ट ब्लो होलची. फेसिंग केल्यावर (हेडचा खालचा फेस कापल्यावर) किंवा पोर्ट खरवडल्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात. डाय पेनिट्रंट करून घ्या. लाल डाय मारायचा, थांबायचं, पुसायचं आणि पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा किंवा भोक असेल तिथे लाल रेघ उमटते. बेळगावच्या उद्यमबागेत आणि मच्छेला बऱ्याच वर्कशॉपमध्ये हे डबे असतात, ओळखीने लगेच करून देतील.

तिसरी गोष्ट धातूची. चांगलं हेड एलएम २५ सारख्या ॲलॉयचं आणि उष्णतोपचार केलेलं असतं. उपचार न केलेलं हेड मऊ राहतं. गरम-गार होऊन त्यात सीट ढिली पडते, स्टडचे आणि प्लगचे आटे ओढले जातात. घरी पक्कं तपासता येत नाही, पण कुणाकडे कडकपणा मोजायचं मशीन असेल तर एका कोपऱ्यात ठसा घेऊन बघा. तुमचं जुनं हेड शेजारी ठेवून दोन्हीकडे सारखाच ठसा घ्या, फरक लगेच कळेल.

आतली वाळू धुऊन काढा. रॉकरला तेल देणाऱ्या भोकांतून कॉम्प्रेसरची हवा मारा, तार घाला, परत हवा मारा. तिथे अडकलेला एक कण पहिल्याच दिवशी रॉकरचा बेअरिंग ब्लॉक खातो.

---

निपाणी_एक्सप्रेस

सगळं बरोबर, पण एवढी मेहनत करायची आणि ताकद वाढवायची नाही? हेड हातात आहे, इंजिन उघडं आहे. इनलेट २८ मिमीपर्यंत उघड, आतून चकाचक पॉलिश कर आणि फेसिंग मारून कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ९ ला ने. हायवेला गाडी वेगळीच पळेल भावा. परत परत हेड कोण उघडणार आहे?

---

चंदगडी_वाघ

मी बी हाच धागा शोधूलालो होतो. माझी बी कास्ट आयर्नच हाय, एमएच ०९. वाचनखूण साठवली. निपाणीच्या भावाला इचारतो, पोर्ट मोठा केला तर खालच्या पिकअपचं काय होतंय? मला तिलारीचा घाट चढायचा असतोय, मागं दोन पोती असत्यात.

---

गणित_बरं_आहे

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. २८ मिमी पोर्टचा हिशोब करून बघितला, सगळ्यांसाठी लिहितो.

बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे ३४६.४ सीसी. ३००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग २ × ०.०९ × ५० = ९ मीटर प्रति सेकंद. बोअरचं क्षेत्रफळ ३८.५ चौ. सेमी. कार्बोरेटर २४ मिमीचा, त्याचं क्षेत्रफळ ४.५२ चौ. सेमी. म्हणजे इनटेक स्ट्रोकला पोर्टमध्ये मिश्रणाचा सरासरी वेग सुमारे ७७ मीटर प्रति सेकंद. पोर्ट २८ मिमी केला तर क्षेत्रफळ ६.१६ होतं आणि वेग उतरतो ५६ वर. चौथा हिस्सा वेग गेला, आणि कार्बोरेटर तर २४ चाच राहिला. म्हणजे गळा जिथे होता तिथेच, फक्त त्याच्या पुढची वाट रुंद.

शेतातला पाट रुंद केला की पाणी वाढत नाही, संथ होतं. इथेही तेच. वेग पडला की पेट्रोलचे थेंब हवेतून सुटून भिंतीला चिकटतात, आणि व्हॉल्व्ह बंद होता होता जे मिश्रण स्वतःच्या धक्क्याने आत शिरतं ते शिरत नाही. घाटात २०००–२५०० वर ओढायचं असतं, तिथेच हे जाणवणार.

व्हॉल्व्हच्या बाजूने बघितलं तर, व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा वाट मिळते ती π × व्यास × लिफ्ट एवढी. लिफ्ट व्यासाच्या पाव झाली की ही वाट पोर्टच्या वर्तुळाएवढी होते. तुमच्या व्हॉल्व्हचा व्यास आणि कॅमची लिफ्ट मोजा. लिफ्ट पावाच्या आत भरली तर अडथळा पोर्टच्या रुंदीत नाही, सीटच्या आजूबाजूला आहे. मेहनत तिथेच करायची.

---

उद्यमबागेतला

पोराने नेमकं सांगितलं. याच कारणाने मी ग्राइंडर कपाटात ठेवायला सांगितला होता. आता काढा.

सीटखालची पायरी तुम्ही बोटाने ओळखलीत, तीच पहिली घालवायची. सीट इन्सर्ट संपून ॲल्युमिनियम सुरू होतं तिथे मिश्रण आपटून वळतं. ६० अंशाच्या कापापासून पोर्टच्या भिंतीपर्यंत सलग उतार करा. घशाचा (सीटखालच्या तोंडाचा) व्यास व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत चालेल, त्याच्या पुढे जाऊ नका, नाहीतर सीटला आधारच राहणार नाही. सीटच्या पट्टीला बर (ग्राइंडरचं कापायचं टोक) लागू नये म्हणून जुना व्हॉल्व्ह आत सोडून काम करा.

दुसरी जागा आतल्या वळणाची, पोर्ट जिथे आखूड बाजूने खाली वळतो. तिथे धारदार कडा असते. तिला हलकी गोलाई द्या, पण तिथली उंची उतरवू नका. वळण खोल केलं की हवा भिंत सोडून सुटते आणि व्हॉल्व्हच्या लांबच्या बाजूनेच जाते. मिळवण्यासारखं सगळ्यात जास्त इथे आहे आणि घालवण्यासारखंही. हातकानशीने सावकाश करा.

गाईडभोवतीचा उंचवटा बरेच जण सपाट करून टाकतात. करू नका, विशेषतः एक्झॉस्टला. तोच गाईडला धरून ठेवतो आणि त्याची उष्णता ओढतो. दोन्ही बाजूंनी थोडा निमुळता केला की पुरे.

पॉलिशचं म्हणाल तर एक्झॉस्ट हवा तेवढा गुळगुळीत करा, काजळी कमी धरेल. इनलेट ८० नंबरच्या पेपरवर थांबवा. आरशासारख्या भिंतीवर पेट्रोलचा थर बसतो आणि ओघळतो, बारीक खडबडीत पृष्ठभागावर तो परत हवेत उडतो.

ॲल्युमिनियम बरमध्ये भरतं. रुंद दातांचा कार्बाइड बर घ्या आणि केरोसीन किंवा मेण लावत जा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

शेवटी इनलेटचं तोंड आणि मॅनिफोल्ड (कार्बोरेटरकडून येणारी नळी) जुळवा. गॅस्केट ठेवून खुणा करा. मॅनिफोल्ड पोर्टपेक्षा मोठा राहिला तर मिश्रण कडेवर आपटतं.

---

शहापूरकर_३५०

मामा, मनापासून आभार. निळा रंग लावून बघितला. इनलेटची रिंग पूर्ण आली, एक्झॉस्टला जवळपास तिसरा हिस्सा कोरा. एक्झॉस्टचा गाईडही घट्ट आहे, व्हॉल्व्ह तेल लावूनही स्वतःच्या वजनाने पडत नाही. म्हणजे रीमर आणि सीट कटिंग दोन्ही आलं.

हे काम बेळगावातच होईल ना? एक जण म्हणतो कोल्हापूरला शिरोलीलाच न्यावं लागेल.

---

उद्यमबागेतला

शिरोलीला माणसं चांगली आहेत, पण त्यासाठी हायवे चढायची गरज नाही. ज्या गावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली त्या गावात एक सीट कापून मिळत नाही असं कसं होईल? उद्यमबागेत बोरिंगची जुनी दुकानं आहेत. जाताना व्हॉल्व्ह बरोबर न्या आणि आपल्यासमोर पायलट घालून बघायला सांगा. पायलट गाईडमध्ये डुगडुगत असेल तर तिथून हेड उचला. दुकानातले अण्णा कानडीत बोलतील, तुम्हीही कानडीत बोला. काम मन लावून होतं.

आणि सीटचं मटेरियल विचारा. देशात शिशाचं पेट्रोल २००० सालापासून बंद आहे. शिशाचा थर सीटला जपायचा. साध्या बिडाची मऊ एक्झॉस्ट सीट बिनशिशाच्या पेट्रोलवर लांब पल्ल्याला खचत जाते, व्हॉल्व्ह आत बसतो आणि टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारी जोडणी) सारखे घट्ट होतात. कडक सीट घालायची असेल तर आत्ताच घाला. हेड तापवून आणि सीट गार करूनच बसवा. ठोकून बसवलेली सीट सुटते.

---

टिळकवाडीची

मी आणि बाबांनी आमच्या बुलेटचं इंजिन घरी जोडलंय, म्हणून कॉम्प्रेशनबद्दल लिहिते. निपाणीच्या दादांनी ९ म्हटलं, पण आत्ता किती आहे हे मोजल्याशिवाय तो आकडा हवेतला आहे.

नुसत्या हेडची पोकळी मोजायची रीत अशी. प्लग लावा, व्हॉल्व्हला ग्रीस लावून बसवा, हेड उलटं आणि समतळ ठेवा, फेसला ग्रीस लावून भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी दाबा, आणि ब्युरेटने (सीसीच्या खुणांच्या काचेच्या नळीने) रंगीत केरोसीन सोडा. हवेचा शेवटचा बुडबुडा गेला की वाचन घ्या. पण बुलेटला हे पुरत नाही. पिस्टनचा माथा किती वर येतो, गॅस्केट किती दबतं आणि बॅरलची कडा हेडच्या खाचेत किती शिरते, हे सगळं त्यात धरावं लागतं. म्हणून सगळं जोडून, प्रत्यक्ष वापरणार तेच गॅस्केट घालून, पिस्टन टॉपला आणा, प्लगचं भोक सगळ्यात वर येईल असं इंजिन कलंडवा आणि ब्युरेटने पातळ तेल भरा. रिंगांतून गळू नये म्हणून कडेला आधी ग्रीस लावायचं. भोकाच्या आट्यांतलं तेल वजा करा. जे उरेल ती खरी जागा.

कॉम्प्रेशन = (३४६.४ + ती जागा) ÷ ती जागा.

दोन-तीनदा मोजा. आकडा प्रत्येक वेळी अर्ध्या सीसीच्या आत आला पाहिजे.

---

शहापूरकर_३५०

ताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं. सीट कापून आल्यावर आज मोजलं, ५७ सीसी. म्हणजे ७.०८.

---

गणित_बरं_आहे

मग निपाणीच्या दादांचा हिशोबही करून टाकतो. ९ करायचं तर जागा ३४६.४ ÷ ८ = ४३.३ सीसी हवी. म्हणजे १३.७ सीसी कमी करायची. फेसवरून १ मिमी काढलं तर ३.८५ सीसी जातात. १३.७ साठी साडेतीन मिमीच्या वर फेसिंग. तेवढं हेडात मांसच नसतं.

साडेसात करायचं तर जागा ५३.३ हवी, म्हणजे १ मिमीच्या आत काम होतं.

---

निपाणी_एक्सप्रेस

हे मान्य. साडेतीन मिमी म्हणजे काहीच्या काही. पण हाय कॉम्प्रेशन पिस्टन घालून तर ९ होईल ना? इथेनॉलने ऑक्टेन वाढतो म्हणतात.

---

उद्यमबागेतला

इथेनॉलने ऑक्टेन वाढतो हे खरं. पण हे इंजिन किती सोसेल ते खालून ठरतं. बिडाचा बॅरल उष्णता सावकाश सोडतो. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला फ्लोटिंग बुश आहे, रोलर नाही. चोर्ल्याच्या चढाला मे महिन्यात दुसऱ्या गिअरवर मागे माणूस घेऊन इंजिन ठोकायला लागलं तर पहिला तो बुश जातो. माझ्या मते या वापराला साडेसात खूप झालं. ९ चा हट्ट ज्याला करायचा त्याने क्रँकपासून सुरुवात करावी.

१ मिमी काढताना ध्यानात ठेवा: हेडचा फेस आणि बॅरलची कडा बसते ती खाच, दोन्ही एकाच सेटिंगमध्ये कापून घ्यायची. नुसता फेस कापला तर खाच उथळ होते, कडा आधी टेकते आणि बाहेरचा फेस दाबलाच जात नाही. मग तिथून गॅस निसटतो आणि लोक गॅस्केटला दोष देतात. फेस सपाट आहे का हे सरळ पट्टी कोनाकोनांतून ठेवून बघा. ०.०५ मिमीचं फिलर कुठेही शिरता कामा नये.

---

टिळकवाडीची

फेसिंग झालं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, तेव्हा मातीची चाचणी चुकवू नका. पोरं खेळतात ती प्लॅस्टिसिन पिस्टनच्या माथ्यावर लावा, थोडं तेल फासा, हेड बसवून टॅपेट लावा आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. हेड काढून ब्लेडने माती कापा आणि सगळ्यात पातळ जागेची जाडी मोजा. इनलेटला किमान २ मिमी, एक्झॉस्टला अडीच. अशा गोल चेंबरमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह एकमेकांकडे कललेले असतात. ओव्हरलॅपला दोन्ही थोडे उघडे असताना त्यांच्या कडांमधली जागाही बघा, विशेषतः मोठा व्हॉल्व्ह घातला असेल तर.

स्प्रिंगही मोजा. सीट कापल्यावर व्हॉल्व्ह आत बसतो, दांडी वर येते आणि स्प्रिंगची बसवलेली उंची वाढते. म्हणजे ताण कमी होतो. दोन्ही व्हॉल्व्हची उंची सारखी येईल असे शिम खाली घाला. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकायच्या आत निदान १ मिमी जागा उरली पाहिजे.

दांडीच्या टोकाला मार्करची शाई लावून इंजिन हाताने फिरवा. रॉकरची खूण टोकाच्या मधोमध यायला हवी. कडेला आली तर गाईड एका अंगाने झिजणार. रॉकर ब्लॉक काढताना दोन्ही अर्धे खुणा करून जोडीनेच ठेवा, अदलाबदल होऊ देऊ नका.

---

खानापुरी

एक शंका. हेड बदललं तर आरसी बुकात काही करावं लागतं का? नाक्यावर विचारतात.

---

गणित_बरं_आहे

इंजिन नंबर क्रँककेसवर असतो, हेडवर नाही. तशाच मापाचं हेड बदलणं ही दुरुस्ती आहे. सीसी बदलेल असं काही केलं, म्हणजे मोठ्या बोअरचा किट वगैरे घातला, की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं. मग केए २२ असो की एमएच ०९, आधी आरटीओत विचारा.

---

होनग्याचा_साचेवाला

खानापूरच्या भावाचं नाव बघून आठवलं. सध्या पाऊस आहे. बोअर केलेला बॅरल उघडा ठेवू नका, खानापूरच्या बाजूला तर एका रात्रीत तांबूस होतो. तेल फासून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. हेड ग्राइंडिंग आणि पेस्ट झाल्यावर आधी केरोसीनने आणि मग गरम पाणी-साबणाने धुवा, गाईडमध्ये ब्रश घालून. पेस्टचा कण गाईडमध्ये राहिला तर तो घासतच राहणार. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच निघालं पाहिजे.

---

चंदगडी_वाघ

व्हॉल्व्ह बसलाय का न्हाई ते शेवटाला कसं बघायचं?

---

उद्यमबागेतला

व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग जोडून झाल्या की पोर्टमध्ये केरोसीन ओता आणि चेंबरच्या बाजूने बघत बसा. दहा-पंधरा मिनिटांत सीटच्या कडेला ओल दिसता कामा नये. दिसली तर बारीक पेस्टने हलकं फिरवा, पुन्हा धुवा, पुन्हा ओता.

हेडचे नट कोनाकोनांनी, टप्प्याटप्प्याने आवळा. इंजिन एकदा पूर्ण तापवून पूर्ण गार झालं की परत आवळा आणि टॅपेट परत लावा. कास्ट आयर्न बुलेटचे टॅपेट इंजिन गार असताना, कॉम्प्रेशनच्या टॉपला. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वर-खाली खेळता कामा नये. फेसिंगनंतर पुशरॉड तेवढे लांब पडतात, म्हणून खालच्या ॲडजस्टरला आवळायला जागा उरते का ते हेड पक्कं करायच्या आधीच बघा.

---

शहापूरकर_३५०

एक्झॉस्टला कडक सीट घालून घेतली, तीन कोनांत कापली, निळी रिंग आता पूर्ण येते. पायरी घालवली, आतलं वळण हातानेच केलं, इनलेट ८० वर थांबवला. डाय पेनिट्रंटला काही निघालं नाही. फेस आणि खाच एकाच सेटिंगमध्ये कापून घेतली. मोजलं तर ५३.५ सीसी, म्हणजे ७.४७. माती सगळ्यात पातळ जागी एक्झॉस्टला ३ मिमीच्या वर.

आता जेटिंगचं (कार्बोरेटरने पेट्रोल किती सोडायचं त्याचं). बेळगावात लावलेली गाडी पणजीला उतरल्यावर कोरडी चालते (पेट्रोल कमी पडतं), ठोकल्यासारखी वाटते. जुन्या हेडवरही हे थोडं होतं. नव्याला काय करावं?

---

घाट_उतरणीचा

मी गोव्याला सारखा जात-येत असतो, म्हणून सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास. हवेचा दाब तिथे समुद्रकाठापेक्षा आठ-नऊ टक्के कमी. खाली उतरलात की त्याच कार्बोरेटरमधून जास्त वजनाची हवा जाते, पण पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. मिश्रण कोरडं पडतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच चिकोडी-संकेश्वर पट्ट्यातला ऊस त्यात आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच जेटवर मिश्रण आणखी कोरडं. तुमचं कॉम्प्रेशनही वाढलंय.

म्हणून जेट बेळगावात नाही, पणजीत ठरवा. इथे थोडं गडद (पेट्रोल जास्त) चाललं तर प्लग काळसर होईल, बाकी काही बिघडत नाही. तिथे कोरडं चाललं तर पिस्टन जातो. मेन जेट एक नंबर मोठा घालून सुरुवात करा. सुईची क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर. मांडवीच्या काठाने सपाट रस्त्यावर तीन हिश्शांहून जास्त थ्रॉटल देऊन थोडं अंतर पळवा, क्लच दाबून तिथेच किल्ली बंद करा, बाजूला घेऊन प्लग काढा. चिनीमातीचा भाग फिका पांढरा दिसला तर आणखी एक नंबर वर. भाजलेल्या विटेचा फिकट तांबूस रंग आला की तिथे थांबा.

परतताना चढाला इंजिन जड वाटलं तर सुई एक खाच परत खाली करा. मेन जेटला हात लावू नका. रबराच्या नळ्या आणि फ्लोटच्या सुईचं टोक बदलून घ्या, जुनं रबर इथेनॉलने फुगतं.